नवलवार्ता : करमणूक आणि विवेक

(सुवर्णमहोत्सवानिमित्त झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



चांदूर बाजार या गावाच्या नावातच बाजार आहे. शिरजगाव कसबा, करजगाव, ब्राह्मणवाडा थडी, आसेगाव पूर्णा अशा भोवतालच्या गावांतून पिढ्यान् पिढ्या माणसे येथे येत राहिली. कोणी संत्रा आणला, कोणी कापूस आणला, कोणी तूर आणली. परंतु मालाबरोबर आणखी एक वस्तू या बाजारात नित्य येत असे आणि तिच्यावर कधी आडत बसली नाही. ती वस्तू म्हणजे बातमी. अमक्या गावी दोन तोंडांचे वासरू जन्मले, तमक्या विहिरीचे पाणी एका रात्रीत पांढरे झाले, मेळघाटात कोणा वाटसरूपुढे वाघ हात जोडल्यासारखा बसून राहिला, अशा वार्ता दुकानाच्या ओट्यावर बसून ऐकायच्या, हसायचे, मान डोलवायची आणि घरी जाऊन थोडे तिखटमीठ लावून सांगायच्या, हा समस्त मानवजातीचा जुना विरंगुळा आहे.

आज तोच ओटा हातातल्या मोबाइलमध्ये येऊन बसला आहे. इंटरनेटवर दिवसाकाठी शेकडो चमत्कारिक, गमतीदार, विलक्षण वार्ता भेटतात. त्या वाचणे हा दोष नव्हे. मनुष्याला नवलाची ओढ नसती तर कोणतीही विद्या निर्माण झाली नसती. प्रश्न एवढाच की नवल वाटल्यानंतर आपण काय करतो? हसून सोडून देतो, विचारपूस करतो, की तत्क्षणी पुढच्या पन्नास जणांना धाडून देतो? या एका प्रश्नाभोवती आजच्या विषयाची मांडणी आहे.

आरंभी एक गैरसमज दूर केला पाहिजे. खोट्या नवलवार्ता हे इंटरनेटचे अपत्य नव्हे. ६ जानेवारी १८३२ रोजी बाळशास्त्री जांभेकरांनी ‘दर्पण’ सुरू केले आणि मराठी वृत्तपत्रसृष्टीचा पाया घातला. त्यानंतर अवघ्या तीन वर्षांनी, ऑगस्ट १८३५ मध्ये, न्यूयॉर्कच्या ‘सन’ या वृत्तपत्राने एक लेखमाला छापली. विख्यात खगोलशास्त्रज्ञ सर जॉन हर्शेल यांनी दक्षिण आफ्रिकेतून प्रचंड दुर्बिणीने चंद्र न्याहाळला असून तेथे अरण्ये, रानगवे, दोन पायांवर चालणारे बीव्हर आणि वटवाघळासारखे पंख असलेली माणसे दिसली, असे त्या सहा लेखांत रंगवून सांगितले होते. हर्शेल त्या वेळी खरोखरच दक्षिण आफ्रिकेत आकाशाचे निरीक्षण करीत होते. पण या पंखवाल्या माणसांची त्यांना वार्ताही नव्हती. लोकांनी मात्र ते अंक झुंबड करून घेतले. खोट्याला खऱ्याचा एक धागा जोडला की ते किती सहज गळी उतरते, याचे हे सुमारे दोनशे वर्षांपूर्वीचे उदाहरण आहे. व्यक्ती खरी, ठिकाण खरे. केवळ बातमी खोटी!

दुसरे उदाहरण निव्वळ विनोदाचे आहे. १ एप्रिल १९५७ रोजी बीबीसीने आपल्या ‘पॅनोरमा’ या गंभीर कार्यक्रमात स्वित्झर्लंडमधील एक कुटुंब झाडावरून स्पॅगेटी तोडीत असल्याचे दृश्य दाखविले. स्पॅगेटी म्हणजे आपल्याकडील शेवया-सरगुंड्यांच्या जातीचा, पिठापासून केलेला इटालियन पदार्थ. वऱ्हाडातील कोणत्याही गृहिणीने ते पाहून क्षणात ओळखले असते की शेवया झाडाला लागत नाहीत, त्या वळाव्या लागतात. परंतु त्या काळी इंग्लंडात हा पदार्थ फारसा परिचित नव्हता. अनेक प्रेक्षकांनी दूरध्वनी करून असे झाड कसे लावावे, याची चौकशी केली. माणूस ज्या विषयात अनभिज्ञ असतो, त्याच विषयात तो फसतो, हे येथे ध्यानात येते. शिक्षण कमी-अधिक असण्याशी त्याचा संबंध थोडा. त्या विशिष्ट वस्तूच्या अनुभवाशी अधिक. संत्र्याच्या बाबतीत चांदूर बाजारच्या शेतकऱ्याला फसविणे कठीण. पण उपग्रहाच्या छायाचित्राबाबत तोच शेतकरी आणि मोठ्या शहरातला पदवीधर सारखेच अडखळतात.

आपल्या देशातील सर्वांत गाजलेली नवलवार्ता अनेकांच्या स्मरणात असेल. २१ सप्टेंबर १९९५ रोजी गणपतीच्या मूर्ती दूध पितात, ही वार्ता दिल्लीहून निघाली आणि त्याच दिवसात देशभर, किंबहुना लंडनच्या साउथॉलपर्यंत जाऊन पोहोचली. त्या वेळी सर्वसामान्यांच्या घरी इंटरनेट नव्हते, खिशात मोबाइल नव्हता. साध्या दूरध्वनीने आणि तोंडातोंडी हे काम केले. पुढे शास्त्रज्ञांनी दुधात रंग मिसळून तोच प्रयोग केला, तेव्हा द्रवाच्या पृष्ठताणामुळे चमच्यातील दूध मूर्तीकडे ओढले जाते आणि पातळ थराने अंगावरून खाली ओघळते, हे सर्वांना दिसले. ऑगस्ट २००६ मध्ये मुंबईत माहीमच्या किनाऱ्यावर समुद्राचे पाणी गोड झाल्याची आवई उठली. पावसाळ्यात मिठी नदीचे पाणी मोठ्या प्रमाणावर खाडीत येऊन मिसळल्याने तेथील खारटपणा कमी झाला होता. पण त्याच मिठी नदीतून शहराची घाणही येते, याचा विसर पडून लोकांनी ते पाणी बाटल्यांत भरून नेले, मुलांना पाजले. आणि महापालिकेला रोगराईच्या भीतीने सावधगिरीचे इशारे द्यावे लागले. मूर्तीपुढे थोडे दूध सांडले तर फारसे बिघडत नाही; परंतु दूषित पाणी लेकराच्या पोटात गेले तर बिघडते. येथून नवलवार्तेचा दुसरा चेहरा दिसू लागतो.

इंटरनेटने या जुन्या व्यवहारात नेमका कोणता फरक केला? पूर्वी बातमी माणसाबरोबर येत असे. सांगणारा कोण, त्याचा स्वभाव कसा, गेल्या वेळी त्याने सांगितलेले खरे निघाले होते की नाही, हे ऐकणाऱ्याला ठाऊक असे. आज बातमी येते ती सांगणाऱ्याचा चेहरा मागे ठेवून. पुढे धाडणारा ओळखीचा असतो. पण प्रथम सांगणारा कोण, हे कोणालाच माहीत नसते. मामांनी पाठविले म्हणजे खरेच असणार, अशी आपली समजूत होते. वस्तुतः मामांनाही ते कोणी दुसऱ्यानेच पाठविलेले असते. आपण मामांवरचा विश्वास त्या अज्ञात लेखकाच्या खात्यात जमा करून मोकळे होतो.

काही परिचित उदाहरणे पाहावीत. प्रतिवर्षी दिवाळीत एक सुंदर छायाचित्र फिरते. रंगीबेरंगी प्रकाशाने झगमगणारा भारत, आणि खाली लिहिलेले असते की नासाने अवकाशातून टिपलेली ही आपली दिवाळी. प्रत्यक्षात ते दिवाळीचे छायाचित्र नव्हेच. अमेरिकेतील ‘नोआ’ या संस्थेच्या शास्त्रज्ञाने निरनिराळ्या वर्षांच्या उपग्रह-नोंदी एकावर एक ठेवून, भारतात वस्ती आणि विजेचे दिवे कसे वाढत गेले, हे रंगांच्या साहाय्याने दाखविले होते. खऱ्या दिवाळीच्या रात्रीचे चित्र नासाने नोव्हेंबर २०१२ मध्ये प्रसिद्ध केले, तेव्हा त्यात नेहमीच्या रात्रीपेक्षा फारसे वेगळे काहीच दिसत नव्हते. तसेच, युनेस्कोने आपल्या राष्ट्रगीताला जगातील सर्वोत्कृष्ट राष्ट्रगीत ठरविले, ही वार्ता दर ऑगस्टमध्ये नव्या उत्साहाने येते. असे काहीही घडले नसल्याचे युनेस्कोनेच सांगितले आहे. राष्ट्रगीताची थोरवी कोणा परदेशी प्रमाणपत्रावर अवलंबून नाही, ही गोष्ट निराळीच.

व्यापारी बांधवांना अधिक जवळची दोन उदाहरणे आहेत. नोव्हेंबर २०१६ मध्ये नोटाबंदी झाली आणि दोन हजारांच्या नव्या नोटेत एक सूक्ष्म चिप असून जमिनीखाली १२० मीटर पुरली तरी ती उपग्रहाला सापडते, असे वृत्त पसरले. काही दूरचित्रवाणी वाहिन्यांनीही ते ठासून सांगितले. रिझर्व्ह बँकेने प्रसिद्ध केलेल्या नोटेच्या वैशिष्ट्यांत असल्या चिपचा मागमूस नव्हता. पुढे १९ मे २०२३ रोजी त्या नोटा चलनातून मागे घेण्याची घोषणा झाली आणि त्या चिपचे रहस्य न उलगडताच नोटा बँकेत परत गेल्या! या बातमीने फार तर हसू आले. पण दहा रुपयांच्या नाण्याची अफवा खिशाला लागली. ज्यावर रुपयाचे चिन्ह नाही ते नाणे खोटे, ज्यावर अमुक इतक्या रेषा आहेत ते खोटे, अशा संदेशांमुळे ठिकठिकाणी दुकानदार, भाजीवाले, रिक्षाचालक ती नाणी घेईनासे झाले. वास्तविक रुपयाचे चिन्हच २०१० मध्ये स्वीकारले गेले. त्यापूर्वीच्या नाण्यांवर ते असणार कोठून? अखेर जानेवारी २०१८ मध्ये रिझर्व्ह बँकेला जाहीर करावे लागले की दहा रुपयांची तोवर निघालेली चौदाही प्रकारची नाणी वैध आहेत. सरकारने पाडलेले खरे नाणे कोणा अज्ञाताच्या चार ओळींनी बाजारात खोटे ठरले. टाकसाळीपेक्षा अफवेचा शिक्का अधिक चालला, हे नवल नव्हे काय?

मात्र यावरून नवलाची प्रत्येक बातमी खोटीच, असा निष्कर्ष काढणे तितकेच चुकीचे होईल. किंबहुना आजच्या विषयातील महत्त्वाची बाब हीच आहे. डिसेंबर २०२१ मध्ये सांगली जिल्ह्यातील देवराष्ट्रे येथील एका कारागिराने भंगारातील सुटे भाग जोडून, दुचाकीप्रमाणे पायाने किक मारून सुरू होणारी चारचाकी गाडी तयार केल्याची चित्रफीत आली. अनेकांना ती बनावट वाटली. ती अगदी खरी होती. उद्योगपती आनंद महिंद्र यांनी ती पाहून त्या कारागिराला बोलेरो गाडी देऊ केली आणि ती घरगुती गाडी आपल्या संग्रहासाठी मागून घेतली.

आपल्या वऱ्हाडानेही अलीकडच्या काळात जगाला तीन विलक्षण वार्ता दिल्या आणि त्या तिन्ही खऱ्या निघाल्या.

पहिली लोणारची. जून २०२० मध्ये बुलढाणा जिल्ह्यातील लोणार सरोवराचे पाणी अकस्मात गुलाबी झाले. उल्कापाताने बेसॉल्ट खडकात निर्माण झालेले हे खाऱ्या पाण्याचे सरोवर जगभरच्या संशोधकांना परिचित आहेच. गुलाबी पाण्याची छायाचित्रे इंटरनेटवर झळकताच कोणी त्यास दैवी संकेत म्हटले, कोणी महामारीशी त्याचा संबंध जोडला, तर कोणी छायाचित्रेच बनावट ठरविली. नागपूर खंडपीठात विषय गेला, वनविभागाने नमुने घेतले आणि पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने त्यांची तपासणी केली. उन्हाळ्यात पाणी आटून क्षार वाढले, त्यामुळे अतिखाऱ्या पाण्यात वाढणारे ‘हॅलोआर्किया’ नावाचे सूक्ष्मजीव माजले आणि त्यांच्या गुलाबी रंगद्रव्याने पाणी रंगले, असा निष्कर्ष निघाला. पाऊस पडून क्षारता उतरल्यावर रंगही ओसरला. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये लोणार रामसर स्थळांच्या आंतरराष्ट्रीय यादीत समाविष्ट झाले.

दुसरी वार्ता बाळाच्या पोटातील बाळाची. २०२५ च्या प्रारंभी बुलढाण्यातील शासकीय रुग्णालयात एका गर्भवतीच्या तपासणीत गर्भाच्या पोटात गर्भ असल्याचे आढळले. ऐकणाऱ्याला हा निव्वळ थट्टेचा प्रकार वाटावा. परंतु वैद्यकशास्त्रात ही अवस्था नमूद आहे. जुळ्यांपैकी एकाची वाढ खुंटून तो दुसऱ्याच्या शरीरात सामावला जातो. सुमारे पाच लाख जन्मांत एखादे वेळी असे घडते, असे मानतात. त्या नवजात बालकावर फेब्रुवारीत आपल्या अमरावतीच्या विभागीय संदर्भ सेवा रुग्णालयात शस्त्रक्रिया झाली. इंटरनेटवर काहींनी त्यावर विनोद केले; त्याच वेळी अमरावतीचे डॉक्टर तीन दिवसांच्या जिवाची शर्थ करीत होते.

तिसरी वार्ता सर्वांत गंभीर. डिसेंबर २०२४ च्या अखेरीपासून शेगाव तालुक्यातील बोंडगाव, कालवड, हिंगणा आदी गावांत माणसांचे केस गळू लागले. डोके खाजू लागायचे आणि तीन-चार दिवसांत टक्कल पडायचे. स्त्रिया, पुरुष, शाळकरी मुले, कोणीही सुटले नाही. सुमारे अठरा गावांत पावणेतीनशेच्या आसपास रुग्ण आढळले. ही बातमी देशात आणि परदेशात ‘टकलाचे गाव’ म्हणून मोठ्या चवीने वाचली गेली. तिच्यावर व्यंगचित्रे निघाली, गाणी झाली. पण गावातील माणसांवर काय ओढवले? महाविद्यालयात जाणाऱ्या मुली घराबाहेर पडेनाशा झाल्या. ठरलेली लग्ने अडचणीत आली. हा संसर्ग असेल, या भीतीने लोक त्या गावच्या माणसाजवळ बसण्यास कचरू लागले. ज्या बातमीला हजारो मैलांवरचा वाचक हसत होता, तिच्यात शेगावजवळच्या एखाद्या तरुणीचे सारे आयुष्य पणाला लागले होते.

कारणांचा शोध सोपा नव्हता. हा भाग पूर्णा नदीच्या खोऱ्यातील खारपाणपट्ट्याचा. त्यामुळे प्रथम संशय पाण्यावर गेला. पाण्यात क्षार आणि नायट्रेट अधिक आढळलेही. काहींनी बुरशीची शंका घेतली. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेचे पथक येऊन गेले. विंचूदंशावरील संशोधनासाठी ख्यातनाम असलेले महाडचे पद्मश्री डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी स्वतः पुढाकार घेऊन गावात जाऊन रक्त, लघवी, केस आणि धान्य यांचे नमुने तपासले. रुग्णांच्या शरीरात सेलेनियम हे मूलद्रव्य कित्येक पटींनी वाढलेले आणि जस्त घटलेले त्यांना आढळले. रेशनच्या गव्हात सेलेनियमचे प्रमाण किलोमागे चौदा मिलिग्रॅमच्या घरात निघाले. सामान्यतः ते दोन मिलिग्रॅमपेक्षाही कमी असते. गहू धुतल्यावरही त्यात फारसा फरक पडला नाही. हा गहू पंजाब-हरियाणाकडून आलेला होता आणि शिवालिकच्या पायथ्याकडील काही जमिनींत सेलेनियम अधिक असते, हे पूर्वीपासून ज्ञात आहे. या निष्कर्षावर पुढे वादही झाले. शास्त्राची रीत तीच असते. तो गहू बंद केल्यावर बऱ्याच जणांचे केस पुन्हा येऊ लागले. मात्र एप्रिलमध्ये काहींची नखे गळू लागल्याचेही दिसून आले.

या घटनेचे मर्म सुज्ञांनी ध्यानी घ्यावे. आरंभी या गावकऱ्यांची तक्रार कोणी ‘काहीतरीच’ म्हणून झटकून टाकली असती, तर अन्नातील दोष कधीच उघडकीस आला नसता. अंधविश्वास ठेवणारा चौकशी करीत नाही. आणि सरसकट थट्टा करणाराही चौकशी करीत नाही. दोघांचा आळस एकच. एकाने हात जोडले, दुसऱ्याने हात झटकले. नमुना तपासायला मात्र तिसराच माणूस गेला.

अर्धसत्याचा प्रकार याहून फसवा असतो. डिसेंबर २०२१ मध्ये बीड जिल्ह्यातील माजलगाव तालुक्यातील लवूळ गाव एका दिवसात जगप्रसिद्ध झाले. कुत्र्यांनी माकडाचे पिल्लू मारले म्हणून सूडाने पेटलेल्या माकडांनी अडीचशे कुत्री मारली, अशी ती वार्ता. परदेशातील वृत्तपत्रांनीही ती छापली. माकडे कुत्र्यांची पिल्ले उचलून उंच झाडांवर, घरांच्या छपरांवर नेत होती, तेथून पडून किंवा उपासमारीने काही पिल्ले मरत होती, हे खरे. नागपूरहून आलेल्या वनविभागाच्या पथकाने दोन माकडे पकडली, हेही खरे. पण गावात जाऊन चौकशी करणाऱ्यांना मृत पिल्लांची संख्या त्याहून पुष्कळच कमी आढळली आणि सूडाची कथा वन्यजीवांच्या जाणकारांनी मान्य केली नाही. आपल्या मनातील वैर आपण त्या मुक्या प्राण्यांच्या माथी मारले आणि त्यावर हसलो. बातमीतून प्राण्यांचा स्वभाव कळला नाही. कळला तो सांगणाऱ्यांचा.

येथवर ज्या वार्ता सांगितल्या, त्यांत बहुधा हसू होते. आता जी सांगावयाची तीत हसू नाही.

२०१७-१८ च्या सुमारास मुले पळविणाऱ्या टोळ्या आल्या आहेत, असे संदेश देशभर फिरत होते. त्यांपैकी एक चित्रफीत तर पाकिस्तानातील कराचीत मुलांच्या सुरक्षिततेविषयी जागृती करण्यासाठी मुद्दाम तयार केलेली होती. मोटारसायकलवरून आलेले दोघे रस्त्यावरच्या मुलाला उचलतात, आणि लगेच त्याला परत आणून सोडून सावधगिरीचा फलक दाखवितात. कोणीतरी मुलाला परत सोडण्याचा भाग कापून टाकला आणि उरलेला तुकडा खरी घटना म्हणून पसरविला. भल्या हेतूने केलेल्या वस्तूचे शेपूट कापले की तिचे विष होते.

१ जुलै २०१८, रविवार. धुळे जिल्ह्यातील साक्री तालुक्यात राईनपाडा येथे आठवडी बाजार भरला होता. तेथे नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच जण भिक्षा मागण्यासाठी आले. हे भटके लोक सोलापूर जिल्ह्याच्या मंगळवेढा भागातून पोटासाठी गावोगाव फिरत आलेले. एका लहान मुलीशी त्यांच्यापैकी कोणी बोलले, एवढेच निमित्त झाले. ‘मुले पळविणारे हेच’ अशी हाकाटी झाली. जमावाने त्यांना ग्रामपंचायतीच्या कार्यालयात कोंडले आणि तेथेच मारहाण करून पाचही जणांचा जीव घेतला. त्याच दिवशी मालेगावातही अशाच अफवेने एका लहान मुलासह पाच जण जमावाच्या तावडीत सापडले होते. पण तेथे एका रहिवाशाने त्यांना आपल्या घरात घेतले, पोलीस धावून आले आणि ते वाचले. दोन्हीकडे अफवा एकच, दिवस एकच, भीतीही एकच. एके ठिकाणी एक दार उघडले, दुसरीकडे उघडले नाही.

राईनपाड्यानंतर व्हॉट्सॲपने वृत्तपत्रांत पूर्ण पानाच्या जाहिराती देऊन लोकांना सावध केले, भारतात एक संदेश एका वेळी पाचांहून अधिक ठिकाणी धाडता येणार नाही, असे बंधन घातले आणि पुढे धाडलेल्या संदेशावर तशी खूण उमटू लागली. एप्रिल २०२० पासून वारंवार फिरलेला संदेश एका वेळी एकाच ठिकाणी धाडता येईल, अशी मर्यादा आली. ही बंधने उपयुक्त खरी. परंतु यंत्र फक्त वेग कमी करते. संदेश खरा की खोटा, हे त्याला कळत नाही.

बंधूंनो, राईनपाड्याचा जमाव काही राक्षसांचा नव्हता. आपापल्या लेकरांची काळजी करणारी ती साधी माणसे होती. त्यांच्यापैकी प्रत्येकाने आधीच्या कित्येक महिन्यांत असे अनेक संदेश घेतले असतील आणि पुढे दिले असतील. ज्या बोटाला नाण्याची अफवा, दिवाळीचे छायाचित्र आणि माकडांचा सूड न तपासता पुढे ढकलण्याची सवय लागते, तेच बोट मुले पळविणाऱ्यांचा संदेशही तितक्याच सहजतेने पुढे ढकलते. सवयीला विषय कळत नाही. म्हणून निरुपद्रवी वाटणाऱ्या नवलवार्तेपासूनच सावधपणाचा अभ्यास करावा लागतो.

हा अभ्यास व्यापारी समाजाला नवीन नाही. पावतीवाचून रोजकीर्दीत रक्कम चढत नाही. ‘कोणीतरी म्हणाले’ एवढ्यावर खतावणीत कोणाच्या नावे टाकता येत नाही. उधारी देताना माणूस पाहिला जातो, माल घेताना मूठभर धान्य हातावर घेऊन पाहिले जाते. हीच रीत बातमीला लावावी. प्रथम पाहावे की यात गाव, दिवस आणि सांगणारी जबाबदार व्यक्ती यांचा उल्लेख आहे काय? ‘शास्त्रज्ञ म्हणतात’, ‘नासाने सांगितले’ ही पावती नव्हे. दुसरे, ही बातमी दोन-तीन जबाबदार वृत्तपत्रांत वेगवेगळ्या बातमीदारांनी दिली आहे, की एकाच मजकुराच्या पन्नास नकला आहेत? तिसरे, छायाचित्र वा चित्रफीत खरोखर त्याच ठिकाणची, त्याच दिवसाची आहे काय? इंटरनेटवर छायाचित्र देऊन त्याचे मूळ शोधण्याची सोय विनामूल्य आहे आणि घरातील शाळकरी नातूही ती आजोबांना दाखवू शकतो. आता तर कृत्रिम बुद्धिमत्तेने न घडलेल्या प्रसंगाचे चित्रही हुबेहूब तयार होते; म्हणून ‘डोळ्यांनी पाहिले’ हा पुरावाही पुरेसा राहिलेला नाही. शासनासंबंधीच्या वार्तांची शहानिशा करण्यासाठी केंद्र सरकारच्या पत्र सूचना कार्यालयाने २०१९ पासून स्वतंत्र व्यवस्था केली आहे. आणि चौथे, सर्वांत महत्त्वाचे : ही बातमी खोटी निघाली तर कोणाचे नुकसान होईल? हा एक प्रश्न विचारला तरी निम्मे काम होते.

उद्या एखाद्याने चार ओळी लिहिल्या की अमुक भागातील संत्र्याला सुईने रंग टोचतात, तर त्या ओळींना पावती लागणार नाही. पण बागेत वर्षभर राबलेल्या शेतकऱ्याचा भाव मात्र त्याच आठवड्यात कोसळेल. तेव्हा तो खुलासा करीत दारोदार फिरेल आणि त्याचा खुलासा कोणी पुढे धाडणार नाही. कारण खुलाशात नवल नसते. अफवेला पाय असतात, खुलाशाला काठी लागते. ती काठी होण्याचे काम प्रत्येक घरातील एका माणसाने जरी पत्करले, तरी गावाचे मोठे कल्याण होईल. कुटुंबाच्या गटात कोणी वडीलधाऱ्यांनी चुकीचा संदेश टाकला, तर चारचौघांत त्यांचा उपमर्द करू नये; स्वतंत्रपणे, आदराने, ‘काका, याची ही खरी हकीकत सापडली’ असे कळवावे. आणि वडीलधाऱ्यांनीही नातवाने चूक दाखविली म्हणून रागावू नये. ज्या घरात हे दोन्ही घडते, त्या घरात अफवा उंबरठ्यावरच थांबते.

नवलाची आवड अवश्य जपावी. लोणारचे गुलाबी पाणी पाहून ज्याला कुतूहल वाटले नाही, त्याने बरेच काही गमावले. देवराष्ट्रेच्या गाडीवर मनमोकळे हसावे, त्या कारागिराच्या बुद्धीचे कौतुक करावे. विनोदाने मन हलके होते आणि हलके मन अधिक न्यायाने विचार करते. एवढेच पाहावे की आपल्या हसण्यात बोंडगावच्या मुलीचे अश्रू मिसळलेले नाहीत, आणि आपल्या घाईत राईनपाड्याच्या त्या पाच निरपराधांसारखा कोणाचा जीव अडकलेला नाही.

आपल्या संस्थेने पन्नास वर्षे पूर्ण केली, ती परस्पर विश्वासाच्या बळावर. विश्वास हीच कोणत्याही समाजाची खरी ठेव असते. नोट मागे घेतली जाते, नाण्याचे रूप बदलते. पण ‘यांनी सांगितले म्हणजे खात्री करूनच सांगितले असणार’ ही पत एकदा गेली की कोणत्याही बँकेतून परत मिळत नाही. ती पत जशी दुकानात राखली, तशीच मोबाइलवरही राखावी, एवढीच या सुवर्णमहोत्सवी प्रसंगी सर्वांस नम्र विनंती.

जय जिनेंद्र.